रेंज नही शे? कॅरॅव्हॅनमधला आरयूटी२४१ राउटर आणि छतावरचा अँटेना : खान्देशच्या वाटांसाठी परीक्षण

धुळ्याहून सुरतेला किंवा जळगावला निघालेल्या गाडीला या सामानाची गरज नाही. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर फोन खिडकीपाशी ठेवला तरी भागतं. गरज पडते ती महामार्ग सोडून डोंगराकडे वळल्यावर : शहाद्याहून तोरणमाळ, तळोद्याहून चांदसैली घाटातून धडगाव, रावेरहून पाल, नाहीतर दक्षिणेला चाळीसगावहून पाटणादेवी. तिथं गाडी लावून बाहेर उभं राहिलं तर फोनवर दोन काड्या दिसतात. आत येऊन दार लावलं की ‘रेंज नही शे’. टॉवर तोच, जागा तीच, मधे आला तो गाडीचा पत्रा.

फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर बांधलेली कॅरॅव्हॅन म्हणजे रेडिओ लहरींच्या दृष्टीनं चाकांवरचं लोखंडी कपाट. त्यात आपल्याकडच्या उन्हामुळं भर पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून छताच्या आतून चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन आणि काचांवर तसेच चंदेरी पडदे लावले जातात. कपाटाला काचेच्या जागी ज्या फटी उरल्या होत्या, त्याही अशा बुजतात. पत्र्याच्या बंद गाडीत सिग्नल सहज १० ते २० डीबी (डेसिबल) पडतो. १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा उरणं आणि २० डीबी म्हणजे शंभरावा. पडदे काढून फोन पुढच्या काचेला टेकवून ठेवला तर यातला बराचसा परत मिळतो. फुकटातला पहिला उपाय तोच. फक्त उन्हात काचेपाशी ठेवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो, म्हणून तो संध्याकाळनंतरचा.

इथं तपासलेल्या सामानाचे तीन भाग आहेत : टेल्टोनिकाचा आरयूटी२४१ हा ४जी राउटर, छतावर कायमचा बसणारा दोन केबलींचा मिमो डोम (एका वेळी दोन प्रवाह धरणारा घुमटाकार अँटेना), आणि मुक्कामाला गाडी उभी असताना खांबावर चढवायची लॉग-पीरिऑडिक (एकाच दिशेला रोखायच्या) अँटेनांची जोडी. निकाल आधीच सांगायचा तर राउटर चांगला पण एकसिमी, डोम कामापुरता, आणि खरी किमया खांबावरच्या जोडीची. पैसे मोजकेच असतील तर ते खांब आणि केबल यांच्यावर घाला, राउटर साधा चालेल.

आधी बूस्टरचा विषय संपवू, कारण दुकानात गेलं की पहिल्यांदा तोच डबा पुढं येतो. बाहेर एक अँटेना, मधे अॅम्प्लिफायर, आत दुसरा अँटेना, अशी त्याची रचना. भारतात परवानगीशिवाय असा बूस्टर विकत घेणं, बाळगणं आणि लावणं बेकायदा आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे बंधन होतं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गाडीत तो नीट चालूच शकत नाही. ६०-७० डीबीनं सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचे दोन अँटेना एकमेकांना ऐकू येता कामा नयेत. त्यांच्यातला अडसर यंत्राच्या वाढीपेक्षा निदान १५ डीबीनं जास्त लागतो. सहा मीटरच्या गाडीत, उघड्या खिडक्यांसकट, तेवढा अडसर आणणार कुठून? मग लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरपुढं आला की जी शिट्टी बसते, तसंच इथं होतं. ती शिट्टी कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते, आणि त्या टॉवरवरच्या सगळ्या गावाचं नेट अडखळतं. फोनच्या मागं चिकटवायचे ‘सिग्नल स्टिकर’ तर निव्वळ चकचकीत कागद.

राउटर आणि बाहेरचा अँटेना ही जोडी वेगळी आहे. ती सिग्नल पुन्हा फेकत नाही. फोनसारखंच सिम घातलेलं एक यंत्र, फक्त त्याचे कान छताबाहेर काढलेले. फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॉटनं बोलतो आणि राउटरही तेवढ्यानंच. पण मधला पत्रा टळला आणि अँटेना चांगला आला की तेवढीच ताकद टॉवरपर्यंत पोचते. अँटेना ऐकायला जितकी मदत करतो तितकीच बोलायलाही करतो, आणि दुर्गम जागी नेमकं बोलणंच आधी तुटतं. फोटो खाली उतरतो पण वर जात नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता राउटर. आरयूटी२४१ तळहातावर मावतो : ८३ बाय ७४ मिलिमीटर, जाडी २५, बाहेरून अॅल्युमिनियम. त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ९ ते ३० व्होल्ट डीसीवर तो थेट चालतो. इंजिन चालू असताना गाडीचा १२ व्होल्टचा पुरवठा १४.४ पर्यंत चढतो आणि थंडीत स्टार्टर मारताना १० च्या आसपास पडतो. दोन्ही त्याच्या आवाक्यात. घरगुती ४जी राउटर ९ किंवा १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर बेतलेले असतात. त्यांना गाडीची तार सरळ जोडली तर आज नाहीतर उद्या जळतात. ते वापरायचेच असतील तर मधे बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्ट स्थिर ठेवणारा डबा) हवा. दुसरा गुण उन्हाचा : आरयूटी२४१ ला ७५ अंशांपर्यंत चालायची मुभा आहे, घरगुती राउटरला साधारण ४०. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत छतालगतच्या कप्प्यात ६० अंश सहज होतात. एप्रिलमध्ये ‘नेट दर अर्ध्या तासानं तुटतं’ ही तक्रार आली की आधी राउटरला हात लावून पाहावा.

सिमची जागा मात्र जुन्या वळणाची. ट्रे मिनी-सिमचा आहे, म्हणजे आजच्या नॅनो सिमच्या दोन मापं मोठा. सुई टोचून ट्रे बाहेर काढायचा, नॅनो सिम प्लास्टिकच्या अॅडॅप्टरमध्ये बसवायचं आणि मग ट्रे ढकलायचा. अॅडॅप्टर सैल असेल तर तोरणमाळच्या सातपायरी घाटाच्या वळणांवर सिम केसभर सरकतं आणि राउटर ‘सिम नाही’ म्हणतो. उपाय सोपा : अॅडॅप्टरच्या पाठीमागं, सोनेरी चिपच्या उलट बाजूला, पातळ टेपची एक पट्टी. जाड टेप लावाल तर ट्रे अडकेल आणि चिमट्यानं ओढावा लागेल.

एकच सिम ही याची खरी उणीव. सातपुड्यात एका दरीत एका कंपनीचा टॉवर, पुढच्या दरीत दुसरीचा. दर मुक्कामाला सुई घेऊन बसणं कंटाळवाणं आहे. नेहमी डोंगरात जाणाऱ्यानं थोडे जास्त पैसे घालून त्याच कंपनीचा दोन सिमांचा आरयूटी९५१ घ्यावा. एक सिम गेलं की तो आपण होऊन दुसऱ्यावर जातो. आणखी वेग हवा असेल तर दोन सिमांचाच कॅट-६ (वेगाचा वरचा वर्ग) आरयूटीएक्स११ आहे. आरयूटी२४१ कॅट-४ चा, म्हणजे कागदावर १५० एमबीपीएस, आणि एका वेळी एकच बँड, म्हणजे लहरींचा एकच पट्टा. वायफायही फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. सहा मीटरच्या गाडीला ते पुरतं. ५जी यात नाही. ५जी राउटर घ्यायचा तर छतावर दोनऐवजी चार अँटेना लागतात आणि खर्चाची पायरीच बदलते. डोंगरातल्या मुक्कामासाठी सध्या ४जी पुरे.

घेताना डब्यावरची बँडांची यादी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच नावाचा राउटर वेगवेगळ्या खंडांसाठी वेगवेगळ्या बँडांचा बनतो आणि परदेशातून आणलेला इथं निम्मा बहिरा ठरू शकतो. आपल्याकडे जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन-आयडिया) यांचं मुख्यतः १, ३, ८ आणि वरच्या बाजूला ४० किंवा ४१ वर. बीएसएनएलचं नवं ४जी बँड १ आणि २८ वर. यातले ५, ८ आणि २८ हे खालचे, म्हणजे ८५०, ९०० आणि ७०० मेगाहर्ट्झचे. डोंगराच्या कडेवरून थोडे वाकून दरीत उतरतात ते हेच. बँड ४० म्हणजे २३००. तो रुंद आणि वेगवान, पण कडा आडवी आली की संपला. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळं ४जी गेलं की फोनही गेला. धडगाव-अक्कलकुव्याच्या आतल्या वाटांवर बीएसएनएलचं एक सिम जवळ असू द्या, कारण नेटवर्क नसलेल्या गावांपर्यंत ४जी नेण्याची केंद्राची २०२२ ची योजना बीएसएनएलकडेच आहे.

अँटेना निवडताना जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा. ‘३५ डीबीआय’ (अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचं माप) लिहिलेली वीतभर पट्टी ऑनलाइन मिळते. खरोखर ३५ डीबीआय हवे असतील तर २३०० मेगाहर्ट्झला साधारण ३ मीटर व्यासाची डिश लागेल आणि ८५० ला ८ मीटरची, म्हणजे गाडीपेक्षा डिश मोठी. छतावरच्या चांगल्या डोमचे खरे २ ते ५ डीबीआय असतात, हातभर लांबीच्या लॉग-पीरिऑडिकचे ९ ते ११. डोमचा फायदा असा की तो चारही दिशांना ऐकतो आणि चालत्या गाडीतही उपयोगी पडतो. लॉग-पीरिऑडिक एकाच दिशेला ऐकतो, पण दूरवरचं.

केबल हा दुर्लक्षित भाग, आणि सगळ्यात जास्त सिग्नल इथंच गळतो. चुंबकाच्या बुडाच्या स्वस्त अँटेनाला आरजी१७४ ही बुटाच्या लेसइतकी बारीक तार असते. १८०० मेगाहर्ट्झला ती पाच मीटरमध्ये सहा-सात डीबी खाते. म्हणजे ५ डीबीआयचा अँटेना लावून पदरात उणे दोन. एलएमआर२०० (जाडी ५ मिलिमीटर) तेवढ्याच लांबीत अडीच डीबीच्या आत राहते. एलएमआर४०० (१० मिलिमीटर) एकाच डीबीत भागवते, पण बोटाएवढी जाड आणि ताठ असल्यानं गाडीच्या आत वळवताना जीव काढते, आणि तिचं वजन राउटरच्या सॉकेटवर येतं. तिला शेवटी एक वीत पातळ तुकडा जोडावाच लागतो. खांबाच्या जोडीला पाच ते सात मीटर एलएमआर२०० योग्य. दहा मीटरच्या पुढं जायचं असेल तर एलएमआर४००. आरजी५८ दुकानदार हौसेनं देतात, ‘हीच चालते’ म्हणून. दहा मीटरला २३०० वर ती आठ-नऊ डीबी खाते. नको.

कनेक्टरची गंमत तर बघण्यासारखी आहे. राउटरला मोबाइल अँटेनासाठी दोन एसएमए (आट्यांचे छोटे) सॉकेट आहेत आणि वायफायसाठी एक आरपी-एसएमए. दोन्हींचे आटे एकसारखे. एसएमए नरात मधोमध टाचणीसारखी पिन असते, आरपी-एसएमए नरात तिथं भोक. आरपी-एसएमएची केबल मोबाइलच्या सॉकेटवर अगदी घट्ट बसते, सगळं ठीक दिसतं, पण आत भोकासमोर भोकच येतं, पिन लागतच नाही. ‘बाहेरचा अँटेना लावला आणि रेंज आणखी कमी झाली’ असं कुणी सांगितलं की कनेक्टर काढून त्याच्या तोंडात बघावं. शेवटचं आवळणं ८ च्या पान्यानं, हातानं बसल्यावर पाव फेऱ्यापेक्षाही कमी. जास्त आवळलं तर सॉकेट आतल्या पट्टीवरून फिरतं आणि राउटर कायमचा कामातून जातो.

डोम बसवायची जागा ठरवताना छतावरचा एसी आणि सोलर पॅनल यांच्यापासून निदान ३५-४० सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झची एक पूर्ण लहर मधे मावते. एसीच्या आडोशाला डोम ठेवला तर त्या बाजूचे टॉवर त्याला दिसत नाहीत. पत्र्याचं छत असेल तर उत्तम, डोमला खालून पत्र्याचा आधार लागतो. फायबरच्या छतावर मात्र ‘ग्राउंड प्लेन नको’ असं स्पष्ट लिहिलेला डोम घ्यावा. तिथं चुंबकही चिकटत नाही, हे चुंबकाच्या अँटेनावाल्यांनी लक्षात ठेवावं.

भोक पाडण्याआधी आतून छताची फ्रेम आणि एसीची वायर कुठून जाते ते बघून घ्या. पत्र्याला स्टेप ड्रिल वापरा, साधं बिट घसरतं आणि भोक अंडाकृती होतं. कापलेल्या कडेला झिंक प्रायमरचा हात, तो वाळल्यावर ग्रोमेट (भोकाच्या कडेचं रबरी कडं), आणि मग डोमच्या बुडाभोवती पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन इथं टिकत नाही. उन्हानं पत्रा फुगतो-आकसतो, सिलिकॉनची कड सुटते, आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी छतातून नव्हे तर केबलच्या अंगानं आत येतं. म्हणून आत आलेली केबल सरळ राउटरकडे नेऊ नका. तिला आधी खाली झोल द्या, मग वर चढवा. पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर साधी काळी टेप. नुसती काळी टेप एका उन्हाळ्यात चिकट लगदा होते.

वीज घरच्या, म्हणजे मागच्या बॅटरीतून घ्या, इंजिनच्या नाही. राउटरच्या चार तारांपैकी लाल धन, काळी ऋण. हिरवी आणि पांढरी इनपुट-आउटपुटच्या. त्या वापरायच्या नसतील तर कापून सोडू नका, टोकांवर स्लीव्ह चढवून बांधा. लाल तारेला बॅटरीपासून वीतभर अंतरावर २ किंवा ३ अँपियरचा फ्यूज. राउटर सरासरी ५ वॉट घेतो असं धरलं तर चोवीस तासांचे १० अँपियर-अवर होतात. १०० च्या बॅटरीला ते जड नाही, पण तीन दिवस ढगाळ हवा आणि वर फ्रिज चालू असेल तर रात्री बंद करता यावा म्हणून एक स्विच असू द्या. राउटर छताच्या कप्प्यात ठेवला तर केबल आखूड होते पण तापतो, सीटखाली ठेवला तर थंड राहतो पण केबल दोन मीटरनं वाढते. एलएमआर२०० असेल तर सीटखालीच ठेवा. एका डीबीपेक्षा राउटरचं आयुष्य महाग.

आता सेटिंग. एपीएन, म्हणजे सिमला नेटशी जोडणारं नाव, जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. बहुतेक वेळा राउटर ते स्वतःच भरतो. नेटवर्कचा प्रकार ‘फक्त ४जी’ करा, नाहीतर एअरटेल किंवा व्हीचं सिम २जीला जाऊन चिकटतं आणि परत येत नाही. ‘रोमिंगवर डेटा बंद’ ही खूण असेल तर काढा. पळासनेरच्या पुढं बिजासन घाटात मध्य प्रदेशचे टॉवर पकडतात, नवापूरच्या बाजूला गुजरातचे. देशातल्या देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, पण खूण राहिली तर सिग्नल पूर्ण आणि नेट शून्य. या एका खुणेपायी लोक अख्खा राउटर बदलायला निघतात.

सिग्नल मोजताना काड्या आणि राउटरवरचे दिवे विसरा. राउटरच्या पानावर, १९२.१६८.१.१ ला, मोबाइलच्या सदरात दोन आकडे बघा. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा : उणे ९० उत्तम, उणे १०० ठीक, उणे ११० ओढाताण, उणे १२० च्या आसपास तुटतं. एसआयएनआर म्हणजे त्या आवाजाभोवती गोंगाट किती : २० च्या वर छान, १० बरं, शून्याच्या खाली गेलं तर आरएसआरपी कितीही चांगला असो, पान रखडतं. अँटेना फिरवताना एसआयएनआरकडे डोळा ठेवा. आणि फिरवायचा म्हणजे १५-२० अंश सरकवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, आकडा लिहायचा, मग पुढं. भराभरा फिरवलं तर राउटरचे आकडे मागं राहतात आणि भलतीच दिशा बरोबर वाटते.

खांबावरच्या जोडीतला एक अँटेना उजवीकडे ४५ अंश कलता, दुसरा डावीकडे ४५ अंश, आणि दोघांची तोंडं एकाच टॉवरकडे. टॉवरवरचे अँटेनाही असेच फुलीसारखे कललेले असतात, त्यामुळं दोन्ही प्रवाह वेगवेगळे पोचतात. दोन्ही उभे लावले तर दुसरा जवळपास वाया जातो. खांब चार मीटरचा, एकात एक सरकणारा पुरेसा. मागच्या शिडीला दोन यू-क्लॅम्प आणि खालचं टोक जमिनीवर टेकलेलं असेल तर वाऱ्यात हलत नाही. शेतात मुक्काम असेल तर खांब उभा करण्याआधी वर बघा, पंपाकडे जाणारी ११ केव्हीची लाइन बांधाच्या झाडांत दिसत नाही. ढग गडगडले की खांब खाली, केबल राउटरपासून सुटी.

जागेजागेचा स्वभाव वेगळा, आणि सामानाची परीक्षा तिथंच होते. पाटणादेवीला तिन्ही बाजूंनी कडे आणि दरीचं तोंड चाळीसगावच्या सपाटीकडे उघडं. इथं डोम गोंधळतो. जोडी दरीच्या तोंडाकडे रोखली की फरक आकड्यांत दिसतो. (अभयारण्य आहे, गाडी कुठं लावायची ते वनखात्याला विचारून.) पालला सातपुड्याच्या कुशीत खालचा बँडच तारतो. राउटरमध्ये बँड निवड ‘मॅन्युअल’ करून ५, ८ किंवा २८ एवढेच ठेवून बघा. वेग कमी मिळेल कारण हे बँड अरुंद आहेत, पण तो टिकेल. आपोआपवर सोडलं तर राउटर बँड ४० च्या मागं लागतो, पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो.

तोरणमाळची अडचण उलटी आहे. सुमारे ११५० मीटर उंचीवर कड्याशी उभं राहिलं की रात्री खाली शहाद्याकडच्या सपाटीवरचे दिवे दिसतात, म्हणजे तिथले टॉवरही राउटरला दिसतात, एकाच वेळी अनेक. आरएसआरपी उणे ९५, एसआयएनआर उणे २, असले आकडे उंचीवर हमखास भेटतात. सगळे एकदम बोलतात, कुणाचंच कळत नाही. डोमनं हे बिघडतंच. जोडी एकाच टॉवरकडे रोखली तर बाकीचे कानाआड होतात. आणखी एक मेख : ४जीचा टॉवर नेहमीच्या सेटिंगला साधारण १४ किलोमीटरपलीकडच्या यंत्राची हाक वेळेत मोजू शकत नाही. त्यामुळं ३० किलोमीटरवरचा टॉवर ‘दिसतो’ पण जोडून घेत नाही. अँटेना कितीही मोठा लावा, ही मर्यादा ताकदीची नाही, वेळेची आहे. अशा वेळी कड्यापासून मागं, यशवंत तलावाच्या बाजूला सरकून जवळचा टॉवर धरणं बरं.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, घोडेबाजार भरलेला असताना, काड्या भरलेल्या आणि नेट ठप्प. इथं अँटेनाचा काही दोष नाही, टॉवरवर माणसं जास्त. बँड बदलून पाहणं किंवा तापीपलीकडचा, कमी गर्दीचा टॉवर जोडीनं धरणं एवढंच हातात असतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत भरीत पार्टीसाठी गाडी आत नेली तर उंच झाडांची ओली, रुंद पानं वरचे बँड शोषून घेतात. वांगी काटक्यांवर भाजली जाईपर्यंत गाडी बांधावर, उघड्या आभाळाखाली राहू द्या. पन्नास पावलांनी इथं जेवढा फरक पडतो तेवढा नव्या अँटेनानं पडत नाही.

फोनवर बोलणं राउटरनं आपोआप सुधारत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. फोनला टॉवरची रेंज तेवढीच राहते. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करावं लागतं. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफाय तेवढं चालू ठेवा, म्हणजे तो कमजोर टॉवर शोधण्यात बॅटरी घालवत नाही आणि कॉल थेट राउटरवरून जातात. एसएमएसही बहुतेक हँडसेटवर याच वाटेनं येतात, पण सगळ्यांवर नाही. घरीच फ्लाइट मोड लावून एक ओटीपी मागवून बघा, बँकेचं काम धडगावच्या घाटात अडण्यापेक्षा बरं.

दुसरी फसवणूक डेटाची. वायफाय दिसलं की फोनला वाटतं घरचं अमर्याद नेट आहे. फोटोंचा बॅकअप, अॅपचे अपडेट, व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ सगळं आपोआप सुरू, आणि रोजचे दोन जीबी नाश्त्याआधी संपतात. मग वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि दोष अँटेनाला दिला जातो. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये या वायफायला ‘मीटर्ड’ अशी खूण करा, आणि राउटरमध्ये सिमला रोजची मर्यादा घाला.

वर्षाकाठी दोन-चार वीकेंड जाणाऱ्यानं आरयूटी२४१ विकत घेऊ नये. दोन एसएमए सॉकेटचा घरगुती राउटर, बक-बूस्ट कन्व्हर्टर, लॉग-पीरिऑडिकची जोडी आणि जीआय पाइप एवढ्यावर भागतं, राउटर सावलीत ठेवायचा इतकंच. गाडी भाड्यानं देणाऱ्यानं किंवा गाडीतूनच नोकरी करणाऱ्यानं सरळ दोन सिमांचा घ्यावा आणि डोम कायमचा बसवून टाकावा, कारण पाहुणे खांब उभा करत नाहीत. खरेदीचा क्रमही असाच : आधी जोडी आणि केबल, मग राउटर, डोम शेवटी. दिवाळीला सामान बाहेर काढलं की पहिल्यांदा बाहेरच्या जोडांची टेप सोडून बघा. पितळेवर हिरवट डाग दिसला तर पुसत बसू नका, कनेक्टर कापून नवा क्रिंप करा (दाबून बसवा).